शेकोटीचा धूर आणि घरातला फिल्टर

डिसेंबर संपत आला की निफाडचे नाव राज्यभर घेतले जाते ते थंडीच्या बातमीत. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटे पारा कितीवर उतरला, हे दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरच्या आकड्याशेजारी छापून येते आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे कौतुकाने फोन करतात. २०१८ च्या डिसेंबरअखेर तर पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. पाहुण्यांना त्यात गंमत वाटते. बागाईतदाराच्या पोटात मात्र गोळा येतो. घडात पाणी भरायच्या दिवसांत एवढी थंडी पडली की मण्याची फुगवण थांबते, साखर उतरत नाही, आणि मणी तडकले तर वर्षाची मेहनत मातीमोल होते. मग रात्री दोन-तीनला माणसे उठतात, ठिबक सुरू करतात आणि बागेच्या बांधावर, ओळींच्या तोंडाशी शेकोट्या पेटवतात. छाटणीच्या काड्या, पाचट, भुसा, ओलसर पालापाचोळा, जे हाताशी असेल ते. या शेकोटीत जाळ कमी आणि धूर जास्त असावा लागतो, कारण बागेवर धुराचे पांघरूण धरून ठेवायचे असते.

तेच पांघरूण सकाळी गावावर येते. थंडीच्या निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते, जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, आणि तिच्यावर जरा उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण बसावे तसा. उन्हाळ्यात धूर सरळ वर जातो; डिसेंबरात तो गोदावरी-कादवेच्या या सखल पट्ट्यात पसरून राहतो आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. बसस्टँडवर आठच्या सुमाराला उभे राहिले तर धुके कुठले आणि धूर कुठला, हे नाकालाच विचारावे लागते.

हे सगळे आज सांगायचे कारण घरगुती आहे. आमच्या धाकट्या नातीला थंडीत दम लागतो. डॉक्टरांनी औषध दिले आणि धुरापासून जपा म्हणाले. आता निफाडात राहून धुरापासून जपायचे कसे? मुलाने गेल्या दिवाळीनंतर हवा शुद्ध करणारे यंत्र आणले आणि तिच्या खोलीत लावले. माहितीपत्रकात लिहिले होते, ‘फिल्टर सहा ते बारा महिन्यांनी बदला.’ मी मास्तर माणूस. छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवायची जन्माची सवय. यंत्रावर हिरवा दिवा जळत होता आणि आम्ही निश्चिंत होतो. जानेवारीच्या शेवटी सूनबाईने सहज मागचे झाकण काढले. पांढराशुभ्र आलेला तो चुणीदार कागद चुलीवरच्या तव्याच्या पाठीसारखा झाला होता. पुरते तीन महिनेही झाले नव्हते.

दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, “वर्षभर काही बघू नका, सर.” दुसऱ्या दुकानात चौकशी केली तर, “तीन महिन्यांना बदलायचाच.” पहिल्याला यंत्र विकायचे होते, दुसऱ्याला फिल्टर. अमेरिकेत असलेल्या पुतण्याला विचारले. त्याच्याकडे सगळ्या घराची हवा एका भट्टीतून फिरते, तिला जाळी असते आणि ती तो दर नव्वद दिवसांनी बदलतो. नव्वदच का, म्हटले तर म्हणाला, “काका, खोक्यावर लिहिलंय.” म्हणजे तोही माझ्यासारखाच!

खरा प्रश्न विचारला तो आमच्या ट्रॅक्टर मेकॅनिकने. हा माझा जुना विद्यार्थी; गणितात यथातथाच होता. मी काळा फिल्टर त्याच्यापुढे धरला, तसा म्हणाला, “सर, तास किती झाले?”

निफाड तालुक्यात ट्रॅक्टर नाही असे घर शोधावे लागेल, आणि ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरबद्दल इथल्या शाळकरी पोराला जे माहीत असते ते आपण घरातल्या यंत्राबाबत विसरतो. ट्रॅक्टरला महिने लागू होत नाहीत. त्याला तासांचा मीटर असतो. इतक्या तासांनी तेल पाहायचे, इतक्या तासांनी बदलायचे; आणि मळणीवर किंवा धुळीच्या नांगरटीवर असेल तर ते तासही मोजायचे नाहीत, रोज संध्याकाळी उघडून पाहायचे. कोरड्या फिल्टरच्या काही ट्रॅक्टरांना तर छोटी खूण असते, श्वास कोंडला की ती लाल दिसते. इंजिनाची किंमत लाखांत असल्यामुळे ही शिस्त आपोआप आली. नातीच्या छातीला मीटर नाही.

यंत्राच्या दिव्याबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. बऱ्याच स्वस्त यंत्रांत फिल्टर बदलायची सूचना देणारा दिवा म्हणजे नुसते घड्याळ असते. ठरावीक तास भरले की तो लाल होतो. मधल्या काळात फिल्टरमधून धूर गेला की पावसाळ्याची धुतलेली हवा गेली, त्याला पत्ता नसतो.

मग फिल्टर भरतो म्हणजे काय होते? आपण समजतो की ती चाळण आहे; भोकापेक्षा मोठा कण अडतो, लहान निसटतो. प्रत्यक्षात तो बारीक तंतूंचा गुंता असतो. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळून चिकटतात. अगदी सूक्ष्म कण सरळ चालतच नाहीत, वेडेवाकडे भटकत कुठल्या तरी तंतूला लागतात. पकडायला सर्वांत अवघड असतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनचे. म्हणून ‘हेपा’ जातीच्या फिल्टरची परीक्षा याच मापावर घेतात आणि त्यातले ९९.९७ टक्के अडले तर त्याला पास करतात. १९४० च्या दशकात अमेरिकेत अणुबाँबची तयारी चालली असताना किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी हा प्रकार निघाला. तो आता मुलांच्या खोलीत येऊन पोचला आहे. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. बातम्यांत येणारे ‘पीएम २.५’ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. शेकोटीच्या धुरातला बहुतेक ऐवज याच मापाचा असतो, आणि छातीत खोलवर जातो तोही हाच.

गंमत अशी की असा कागदी फिल्टर भरत जातो तशी त्याची कण अडवण्याची ताकद कमी होत नाही. साचलेली धूळच पुढच्या धुळीला अडवू लागते. कमी होते ती त्यातून जाणारी हवा. पंखा तेवढाच फिरतो, आवाज थोडा वाढतो, पण खोलीत स्वच्छ हवा निम्मीच येते. काही फिल्टरांच्या तंतूंवर विजेचा भार दिलेला असतो. धुराने तो भार मरतो, आणि मग तो फिल्टर कण अडवण्यातही कमी पडतो. दोन्ही प्रकारांत वरून पाहणाऱ्याला यंत्र चालूच दिसते. धुवून वापरू, असे घरात कोणीतरी म्हणतेच. पुढची जाळी जरूर धुवावी, आठवड्याला धुवावी. पण आतला कागद पाण्यात बुडवला की संपला. झटकून, ब्रशने घासूनही तंतू तुटतात.

चीनमध्ये या गोष्टीचे मोजमाप मला पटण्यासारखे केलेले आढळले. तिथल्या २०१५ च्या मानकात फिल्टरचे आयुष्य महिन्यांत दिलेले नसून मिलिग्रॅममध्ये दिलेले आहे. स्वच्छ हवा देण्याची यंत्राची ताकद निम्म्यावर येईपर्यंत त्याने किती धूळ पोटात घेतली, ते मोजायचे. सर्वांत वरच्या प्रतीला १२,००० मिलिग्रॅम किंवा अधिक, म्हणजे बारा ग्रॅम लागतात. दोन चमचे साखरेहून जरा जास्त.

हा आकडा हातात आला की गणित चौथीच्या मुलालाही करता येते. समजा, यंत्रातून तासाला २०० घनमीटर हवा जाते आणि ते रात्रीचे आठ तास चालते. खोलीच्या हवेत घनमीटरला सरासरी ५० मायक्रोग्रॅम कण धरले, तर दिवसाला ८० मिलिग्रॅम धूळ फिल्टरमध्ये बसते आणि बारा ग्रॅम भरायला १५० दिवस लागतात. पावसाळ्यात कण १५ मायक्रोग्रॅमवर आले तर तोच फिल्टर ५०० दिवस पुरेल. शेकोटीच्या दिवसांत दार-खिडक्यांच्या फटींतून येणाऱ्या धुराने हा आकडा १५० धरला तर ५० दिवसांत खलास. हे आकडे मोजलेले नाहीत, हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. पण एकाच घरातला एकच फिल्टर ५० दिवस आणि ५०० दिवस, दोन्ही खरे असू शकतात, एवढे त्यातून दिसते. ‘सहा ते बारा महिने’ हे उत्तर मग कोणाच्या घरचे?

निफाडच्या घराचे उत्तर कॅलेंडरात शोधण्यापेक्षा बागेत शोधावे. आपल्या हवेचे वर्ष द्राक्षाच्या वर्षाबरोबर चालते. ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, काड्यांचे ढीग बांधावर पडतात आणि बऱ्याच ठिकाणी पेटतात. त्यातच दिवाळीचे फटाके. डिसेंबर-जानेवारीत शेकोट्या. फेब्रुवारीपासून खुडा सुरू झाला की शिवाररस्त्यांवर गाड्यांची रीघ लागते आणि धूळ उडते; पण ती भरड असते, पुढच्या जाळीवरच बसते, कागदापर्यंत कमी पोचते. एप्रिलात खरड छाटणी आणि पुन्हा काड्या. जूनमध्ये पाऊस हवा धुऊन टाकतो. मात्र पावसाळ्याची भीती वेगळी. लासलगाव, विंचूरकडे घराला लागून कांद्याची चाळ असते. साठवलेल्या कांद्यावर काळी बुरशी धरते, तिची पूड उडते आणि सालपटांचा कोंडा उडतो. ओलसर हवेत हे सगळे फिल्टरवर बसले तर बुरशीला घर मिळते. यंत्र लावल्यावर ओल्या पोत्यासारखा वास आला तर तासांचा, मिलिग्रॅमचा हिशेब न करता फिल्टर टाकून द्यावा.

वरचेच गणित या वर्षाला लावून पाहिले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे साठ दिवस रोज ८० मिलिग्रॅमने ४,८००. पुढच्या दोन महिन्यांत थंडीची लाट येऊन शेकोट्यांचे असे तीस दिवस धरले तर रोज २४० प्रमाणे ७,२००. झाले बारा हजार! म्हणून आमच्या घरी आता ठरले आहे की दसऱ्याला नवा फिल्टर बसवायचा, संक्रांतीनंतर उघडून पाहायचा आणि जानेवारी संपता संपता बदलायचा. दुसरा मग उन्हाळा आणि पावसाळा काढून पुढच्या दसऱ्यापर्यंत जातो. वर्षाला दोनच, पण सहा-सहा महिन्यांच्या अंतराने बदलले असते तर ऐन धुरात नातीच्या उशाशी भरलेला फिल्टर राहिला असता. ज्यांचे यंत्र दिवसरात्र चालते त्यांनी हे तिपटीने लवकर धरावे. एका फिल्टरला आम्हांला अडीच हजार पडले. त्यात गॅसच्या दोन टाक्या येऊन वर पैसे उरतात, हे सूनबाईने लगेच ऐकवले, आणि तिचे म्हणणे पुढे फार कामाला आले.

कारण बाहेरच्या धुराला नावे ठेवताना घरातला धूर आपल्याला दिसत नाही. किर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत जाऊन चुलीपुढे बसलेल्या बायका किती धूर श्वासात घेतात ते मोजले, तेव्हा हवेचे प्रदूषण म्हणजे शहर आणि कारखाने असे समजणाऱ्या जगाला तो धक्का होता. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, घरोघरी शेगडी आली; पण अंघोळीच्या पाण्याचा बंब अजून अंगणात काड्यांवरच तापतो आणि टाकी संपली की चूल पेटते. डासांच्या अगरबत्तीचे पाहा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. आमच्या घरी नातीच्या खोलीत एका कोपऱ्यात यंत्र आणि दुसऱ्या कोपऱ्यात कॉइल, असा कारभार दोन महिने सुखाने चालला होता! फिल्टर तीन महिन्यांत काळा का झाला याचे निम्मे उत्तर मला तिथेच मिळाले. आता खिडकीला डासांची जाळी आहे, पलंगाला मच्छरदाणी आहे, बंबाची जागा अंगणाच्या पलीकडच्या टोकाला गेली आहे. यातल्या कशालाही दर दसऱ्याला अडीच हजार लागत नाहीत. ज्याला यंत्र परवडत नाही त्याने आधी एवढे करावे. ज्याला परवडते त्यानेही.

एसी असणाऱ्यांचा एक गैरसमजही इथेच सांगतो. एसीची जाळी ही त्याच्या स्वतःच्या संरक्षणासाठी असते. ती लोकर, केस, भरड धूळ अडवते. धुराचे कण तिच्यातून खुशाल जातात. ती पंधरा दिवसांनी धुवावी हे ठीक, पण एसी लावला म्हणजे हवा शुद्ध झाली, असे नाही. कूलरचे तर विचारूच नका. तो बाहेरचीच हवा ओली करून आत घेतो.

आणि फवारणी? हा निफाडच्या प्रत्येक घराचा प्रश्न आहे. बाग घराला खेटून असते, ब्लोअर सुरू झाला की औषधाचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. हेपा फिल्टर कण अडवतो. वायू आणि वाफ त्यातून आरपार जाते. तिला कोळशाचा थर लागतो, आणि घरगुती यंत्रातला तो पातळ थर लवकर भरतो. भरल्यावर दिसतही नाही, कारण कोळसा आधीच काळा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव गेला, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. फवारणाऱ्याच्या तोंडाला आजही अनेकदा रुमालच असतो. घरातल्यांसाठी फवारणीच्या वेळी खिडक्या लावणे, वारा घराकडे असेल तर वेळ बदलणे, शेजाऱ्याला आधी निरोप देणे हेच उपाय आहेत. यंत्राच्या भरवशावर मुलांना त्या वेळी तिथे बसवू नये.

इथे मला एक विरोधाभास सतत टोचतो. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला, माल अडकला आणि नाशिक जिल्ह्यातल्या निर्यातदार बागाईतदारांचे कंबरडे मोडले. तेव्हापासून आपण काय शिकलो नाही? २००६ पासून ‘ग्रेपनेट’वर बागांची नोंद आहेच, निर्यातीच्या बागेचा नमुना प्रयोगशाळेत जातो, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्यावर देखरेख असते, किलोमागे मिलिग्रॅमच्या अपूर्णांकात औषधाचा अंश मोजला जातो. म्हणजे मोजायचे कसे, नोंदी ठेवायच्या कशा, हे निफाडच्या शेतकऱ्याला जगात कोणी शिकवायची गरज नाही. रॉटरडॅमला जाणारी पेटी आपण इतकी तपासून पाठवतो. त्याच बागेच्या कडेला झोपणाऱ्या पोराच्या खोलीतली हवा मात्र नाकाने मोजतो.

सरकारी व्यवस्थेचा आराखडाही शहरांचा आहे. २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेची मानके सतत ओलांडणारी शहरे त्यात घेतली, ती पुढे १३१ झाली. त्यांत नाशिक आहे. नाशिक शहराची हवा सुधारायला आराखडा असतो, निधी असतो. शहराची हद्द ओलांडून आपल्या तालुक्यात शिरलो की तो आराखडा संपतो. धुराला मात्र ही हद्द ठाऊक नसते. आपल्या देशाच्या मानकात पीएम २.५ ची दिवसाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ वर आणावी असे सुचवले. दोन्ही आकडे खेड्यातल्या माणसालाही तेवढेच लागू आहेत.

याचा अर्थ शेकोट्यांवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. रात्री तीन वाजता ज्याचे कर्ज डोळ्यांपुढे उभे असते त्याला बंदीचा कागद दाखवणारा माणूस मला पाहायचाच नाही. पण ऑक्टोबरात आणि एप्रिलात जाळल्या जाणाऱ्या काड्यांचे तसे नाही. त्यांनी बाग वाचत नाही, फक्त बांध मोकळा होतो. ट्रॅक्टरवर चालणारे काडीकुट्टीचे यंत्र असते. कुट्टी ओळीत टाकली तर ओल धरते आणि कुजून खत होते. एकट्याला ते परवडत नसेल तर सोसायटीने, गटाने घ्यावे. ग्रामपंचायतीने घरपट्टीच्या पावतीसोबत निदान एवढे कळवावे की शाळेच्या चारी बाजूंना सकाळी काड्या पेटवू नका. डिसेंबरातली शेकोटी उरेल. ती किती लागते, थंडीच्या अंदाजाप्रमाणे किती रात्री लागते, हे बागाईतदार स्वतःच ठरवू शकतो. गारठा नसतानाही शेजाऱ्याने पेटवली म्हणून पेटवण्याचे प्रमाण काही कमी नाही.

आमच्या मेकॅनिकने त्या दिवशी नवा फिल्टर बसवून दिला आणि कानावरचा मार्कर काढून त्याच्या कडेवर लिहिले, ‘० तास’. ट्रॅक्टरवर लिहितो तसेच. मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोजचे तास मांडतो. शेकोटीच्या रात्री त्या आकड्याभोवती नात लाल पेन्सिलीने गोल करते. या जानेवारीत सतरा गोल झाले. सतराव्या दिवशी तिने विचारले, “आजोबा, आपल्या बागेतलीपण शेकोटी यात धरायची का?” धरायची, म्हणालो. त्या सतरांतल्या अकरा आमच्याच होत्या.